खाप्याच्या गल्लीतली हायब्रिड गाडी

मागच्या तेरा महिन्यांत लोकांनी मला शाळेबद्दल जितके प्रश्न विचारले नसतील तितके आमच्या गाडीबद्दल विचारले. "बाजी, ही विजेवर चालते का?" "चार्जिंग कुठं करता?" "बॅटरी गेली तर किती लाख लागतात?" आणि आवाज थोडा खाली आणून, "लोन घेतलं असेल ना?" शेजारच्या खालाजान विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात, सावनेरच्या लग्नात भेटलेले दूरचे नातलगही विचारतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं, म्हणजे गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या घरांना उपयोग होईल, म्हणून हा लेख.

मी काही गाड्यांची जाणकार नाही. खाप्यात शाळेत शिकवते. मराठी आणि उर्दू हे माझे विषय. पण वीस लाखांच्या घरातली वस्तू घ्यायची तर दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसून चालत नाही, हे मला कळत होतं. म्हणून तीन महिने मी वही घेऊन अभ्यास केला. त्या वहीतलंच इथं मांडते.

गाडीची गरज का पडली?

माझ्या सासूबाईंना, आमच्या अम्मींना, आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिससाठी न्यावं लागतं. सोमवार आणि गुरुवार. खापा ते नागपूर अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. शहरातली फिराफिर धरली की जाऊन-येऊन ऐंशी होतात. सुरुवातीला एसटीनं नेलं. येताना अम्मींना उभं राहवत नसे. मग भाड्याची गाडी केली. एका फेरीचे अठराशे रुपये. वर्षाच्या एकशे चार फेऱ्या धरल्या तर १,८७,२०० रुपये होतात. दोन महिन्यांत डोळे पांढरे झाले.

घरात २०१२ सालची एक जुनी पेट्रोल गाडी होती. ती गावातल्या गावात बरी होती. पण ऑगस्ट २०२४ मधल्या एका रात्री डायलिसिस करून परतताना ती पाटणसावंगीच्या अलीकडे बंद पडली. पाऊस होता, अम्मी मागच्या सीटवर आडव्या झालेल्या. दीड तासानं ओळखीच्या एकाची गाडी आली. अम्मी त्या दीड तासात एक शब्दही बोलल्या नाहीत, तस्बीह फिरवत राहिल्या. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "आता गाडी बदलायची. कशी ते बघू, पण बदलायची."

हायब्रिड म्हणजे नेमकं काय?

हायब्रिड म्हणजे संकर. आपल्याकडे हायब्रिड ज्वारी म्हणतात तेच. या गाडीत पेट्रोलचं इंजिनही असतं आणि विजेची मोटरही. कधी एक चालतं, कधी दुसरं, कधी दोन्ही. ठरवायचं काम गाडी स्वतः करते, आपण फक्त गाडी चालवायची.

मग वीज येते कुठून? हाच प्रश्न माझ्या आठवीतल्या मुलांनी विचारला होता. मी त्यांना सायकलच्या डायनमोची आठवण करून दिली. जुन्या सायकलींना चाकाला टेकणारी बाटलीसारखी डायनमो असे. ती लावली की दिवा पेटे, पण पायडल जड होई. म्हणजे चाकाची गती घेऊन वीज तयार होत असे. हायब्रिड गाडीत ब्रेक लावला किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट काम करते, डायनमोसारखं. चाकाच्या गतीतून वीज करते आणि ती बॅटरीत साठवते. साध्या गाडीत ब्रेक लावला की ती सगळी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. इथं तिच्यातला काही भाग परत मिळतो. शिवाय गरज पडली की इंजिनही बॅटरी भरतं. त्यामुळे गाडीला बाहेरून चार्जिंग लावावं लागत नाही. आपण भरायचं ते फक्त पेट्रोल.

सिग्नलवर, गर्दीत, गल्लीत हळू जाताना गाडी बहुधा बॅटरीवर चालते, कारण पेट्रोलचं इंजिन अशाच वेळी सर्वांत जास्त तेल खातं. म्हणूनच साध्या गाडीचा ॲव्हरेज शहरात पडतो, आणि हायब्रिडचा मात्र शहरातच चांगला येतो.

कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटरी एकत्र जोडलेली गाडी बनवली होती. पण मोठ्या संख्येनं बनलेली आणि विकलेली पहिली हायब्रिड म्हणजे टोयोटाची प्रिअस. ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आली. भारतात २००८ मध्ये होंडानं सिव्हिक हायब्रिड आणली. ती बाहेरून येत असल्यानं इतकी महाग होती की आपल्यासारख्यांनी ती चित्रातच पाहिली. मध्यमवर्गीयांच्या विचारात हायब्रिड आली ती २०२२ साली. त्या वर्षी होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा या गाड्यांचे हायब्रिड प्रकार बाजारात आले.

एक फसगत टाळा

'हायब्रिड' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. एक माइल्ड हायब्रिड. तिच्यात मोटर छोटी असते. ती इंजिनाला हातभार लावते, पण गाडी एकटी ओढू शकत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. ती काही अंतर नुसत्या बॅटरीवर जाऊ शकते. दोघींच्या किमतीत काही लाखांचा फरक आणि ॲव्हरेजमध्येही मोठा फरक. तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिडचा. तिची बॅटरी मोठी असते आणि घरच्या विजेवर भरता येते, पण आपल्याकडे या गाड्या फार महागड्या वर्गातच मिळतात.

आम्ही पहिल्यांदा शोरूममध्ये गेलो तेव्हा विक्रेत्या मुलानं माइल्ड हायब्रिड दाखवून "मॅडम, हायब्रिडच आहे" असं सांगितलं. मी विचारलं, "ही इंजिन बंद ठेवून चालते का?" तो गप्प झाला. बहिणींनो, हा एक प्रश्न लक्षात ठेवा. बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

विजेची किंवा सीएनजीची का नाही?

विजेची गाडी चालवायला सर्वांत स्वस्त, यात वाद नाही. तिच्यावर जीएसटीही फक्त ५ टक्के. पण आमची गल्ली हातमागांच्या काळातली. घरासमोर गाडी उभी करायलाच जागा नाही. ती मशिदीजवळच्या मोकळ्या जागेत लावावी लागते. तिथं चार्जरची वायर कुठून नेणार? त्यातून आठवड्यात दोन ठरलेल्या फेऱ्या, ज्या चुकवताच येत नाहीत.

नागपूरचा एक अनुभवही डोळ्यांसमोर होता. मे २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सी, ई-रिक्षा, बस यांचा देशातला पहिला असा प्रकल्प नागपुरातच सुरू झाला होता. सुमारे २०० वाहनं होती. मोठी बातमी झाली. पण चार्जिंगच्या जागा कमी पडल्या, चालकांचे तासन् तास रांगेत जाऊ लागले आणि काहींनी गाड्या परत केल्या. तेव्हापासून आता सोय पुष्कळ वाढली आहे. ज्यांच्या घरी स्वतःचं अंगण आणि मीटर आहे त्यांनी विजेच्या गाडीचा विचार आधी करावा, असंच मी सांगेन. आमच्या घरी ते जमणारं नव्हतं.

सीएनजीचं म्हणाल तर मार्च २०२२ मध्ये नागपुरात सीएनजीचा भाव किलोला १२० रुपयांवर गेला होता, म्हणजे पेट्रोलच्याही वर, हे विसरलो नव्हतो. शिवाय टाकी डिकीतली जागा खाते आणि आम्हाला अम्मींची चाकाची खुर्ची ठेवायची होती.

हिशेब, जसा वहीत मांडला तसा

कंपनी सांगते तो आकडा लिटरला जवळपास २८ किलोमीटर. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. रस्त्यावर एवढा मिळेल अशी आशा धरू नये. मी विचारपूस करून हायब्रिडला २२ आणि त्याच आकाराच्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीला १४ धरले. पेट्रोल लिटरला १०४ रुपये. दोन्ही गाड्यांच्या रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीतला फरक आम्हाला पडत होता सव्वादोन लाख.

आमचं चालणं वर्षाला १३,००० किलोमीटर. साध्या गाडीला ९२९ लिटर लागतील, हायब्रिडला ५९१. वाचले ३३८ लिटर, म्हणजे सुमारे ३५,००० रुपये. सव्वादोन लाख भरून निघायला साडेसहा वर्षं लागणार.

आता हाच हिशेब वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणाऱ्या घरासाठी करा. बचत फक्त सोळा हजारांची. पैसे वसूल व्हायला चौदा वर्षं! त्या घरानं हायब्रिड घेऊ नये. उलट वर्षाला २०,००० किलोमीटर चालवणाऱ्याची बचत ५४,००० रुपये आणि फरक चार वर्षांत फिटतो. म्हणजे हायब्रिड चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. आपण वर्षाला किती चालवतो, हे आधी विचारायला हवं. घरातल्या जुन्या गाडीचा मीटर बघा आणि खरा आकडा काढा. बहुतेकांना आपण चालवतो त्यापेक्षा जास्त वाटत असतं.

कराचंही सांगते. आम्ही ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडी घेतली तेव्हा या वर्गातल्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के सेस मिळून ४३ टक्के द्यावे लागत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के झाले. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के झाले. म्हणजे हायब्रिड थोडी स्वस्त झाली, पण छोट्या साध्या गाड्या त्याहून जास्त स्वस्त झाल्या. नव्यानं घेणाऱ्यांनी माझे आकडे जसेच्या तसे न घेता आजच्या किमतीनं हिशेब करावा.

वर महाराष्ट्राचा वाहन कर. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के. हायब्रिडलाही तोच. उत्तर प्रदेश सरकारनं जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. आपल्याकडे ती सवलत नाही. आपले नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी हायब्रिडवरचा जीएसटी कमी करावा असं अनेकदा मांडलं, पण तसं झालं नाही. मात्र ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करनं छत्रपती संभाजीनगरात हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांचा सुमारे २०,००० कोटींचा कारखाना काढण्याचा करार राज्य सरकारशी केला आहे. तो उभा राहिला तर आपल्या पोरांना तिथं काम मिळावं, ही दुआ.

पैसे कुठून आणायचे?

खरी अडचण इथं होती. गाडी रस्त्यावर येईपर्यंत १९ लाख ६० हजार लागणार होते.

बँकेचं कर्ज सहज मिळत होतं. आम्ही दोघं पगारदार. विक्रेत्यानं कागदही काढून ठेवले. पण व्याजाच्या बाबतीत आमच्या घरात पहिल्यापासून पथ्य आहे. सूरह बकरामध्ये व्यापार आणि व्याज यांच्यात जो फरक केला आहे तो लहानपणापासून शिकलो आणि शिकवत आलो. तो स्वतःवर वेळ आली की विसरायचा का?

तरी आमचे हे म्हणाले, "एकदा आकडा तरी बघू." मी मांडला. आठ लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, पाच वर्षं. हप्ता १६,६०७ रुपये. पाच वर्षांत जाणार ९ लाख ९६ हजार. म्हणजे व्याजच १ लाख ९६ हजार! आमची पेट्रोलची बचत वर्षाला ३५ हजार. साडेपाच वर्षांहून जास्त काळाची बचत नुसत्या व्याजात जाणार होती. तेलाचे पैसे वाचवायला हायब्रिड घ्यायची आणि वाचलेले सगळे बँकेला द्यायचे, यात शहाणपण कोणतं? दीनचा हुकूम तर होताच, वहीतल्या आकड्यांनीही तेच सांगितलं.

जमवाजमव अशी झाली. जुनी गाडी विकून २ लाख १० हजार आले. घराचा वरचा मजला बांधायला आठ वर्षं साठवलेले साडेदहा लाख होते. मजला राहिला. मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी आहे, तिचा माझा नंबर पुढं होता. दोघी बहिणींनी माझी अडचण ओळखून आपला नंबर मला दिला आणि ३ लाख मिळाले. तरी ४ लाख कमी पडत होते.

त्या रात्री अम्मींनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या कपाटात एक डबा आहे. हजसाठी अब्बाजींच्या हयातीपासून जमवलेल्या पैशांच्या पावत्या त्यात असतात. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती. अम्मी म्हणाल्या, "बेटी, मी आता कुठं जाणार? हे घे. माझ्यासाठीच तर गाडी आहे."

मी डबा हातात घेतला नाही. घेतला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण माझ्यानं झालं नाही. दुसऱ्या दिवशी हे मौलाना साहेबांकडे गेले. त्यांनी समजावलं, की ज्याच्यावर ऐपत आणि तब्येत असताना हज फर्ज झाला आणि नंतर तो कायमचा असमर्थ झाला, त्याच्या वतीनं हज्जे बदल करवावा लागतो. ते पैसे त्यासाठी राखून ठेवा. अम्मींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा हज अजून आहे!" त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद मी किती महिन्यांनी पाहिला.

उरलेले ४ लाख माझ्या भाईजानकडून कर्ज-ए-हसना म्हणून घेतले, म्हणजे बिनव्याजी. भाऊ म्हणाला, "लिहायचं काय, तू बहीण आहेस." मी म्हटलं, लिहायचंच. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हा तर कुरआनचाच आदेश आहे. त्याच सूरह बकराची आयत २८२. स्टॅम्प पेपरवर तारखेसह लिहिलं, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. त्यामुळे भावजयीच्या मनातही किंतु राहिला नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी इथंच सांगून टाकते. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने पैसे रोखीनं घेणं आयकर कायद्यात बसत नाही, म्हणून नातलगांकडूनही बँकेमार्फतच घ्या. विक्रेत्याला एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस कापतात. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. त्याची पावती जपा. आणि कर्ज न घेणाऱ्या गिऱ्हाइकावर विक्रेता थोडा नाराज असतो. कर्ज मिळवून दिल्याचं कमिशन त्याचं बुडतं. आम्हाला "रोखीत डिलिव्हरीला उशीर होईल" असंही सांगून पाहिलं. आम्ही थांबायला तयार आहोत म्हटल्यावर गाडी वेळेतच मिळाली.

जकातीचंही विचारतात. स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही. पण गाडीसाठी साठवून ठेवलेल्या पैशांवर, ते निसाबइतके असतील आणि चांद्रवर्ष पूर्ण झालं असेल तर, अडीच टक्के आहे. साठवण गाडीची आहे म्हणून ती सुटत नाही. विम्याचं म्हणाल तर थर्ड पार्टी विमा कायद्यानंच सक्तीचा आहे, आणि नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. बाकी विम्याबद्दल आणि हप्त्यांच्या इतर पद्धतींबद्दल आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारा. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही.

तेरा महिन्यांचा अनुभव

गाडी चौदा हजार किलोमीटर चालली. टाकी पूर्ण भरायची, पुढच्या वेळी परत पूर्ण भरायची आणि किलोमीटरला लिटरनं भागायचं, ही साधी पद्धत मी वापरते. हिवाळ्यात तेवीस-चोवीस मिळाले. मे महिन्यात वीसच्या आसपास आले, कारण एसी सतत. कोराडीच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर जोरात नेली की ॲव्हरेज पडतो आणि मानकापूरच्या पुढं गर्दी लागली की वाढतो. सरासरी बावीसच्या जरा खाली. वहीतला अंदाज फार चुकला नाही, अल्हम्दुलिल्लाह.

सर्वांत मोठा उपयोग मात्र मी वहीत लिहिलेलाच नव्हता. या गाडीचा एसी विजेवर चालतो. दवाखान्याबाहेर नंबर लागेपर्यंत किंवा औषधं आणेपर्यंत अम्मी मागं आडव्या असतात. इंजिन बंद असतं, एसी चालू. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप काही मिनिटं चालतं आणि पुन्हा बंद होतं. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात याची किंमत काय असते ते ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्यालाच कळेल. पण याच कारणानं एक इशाराही देते. बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून कधीही बसू नका. इंजिन केव्हाही सुरू होऊ शकतं आणि त्याचा धूर बंद जागेत जीवघेणा ठरतो.

आता माझी फजिती. गाडीला आवाज नसल्यानं ती बंद आहे की चालू हेच कळत नाही. एकदा शाळेत गाडी लावली, पर्स घेतली आणि वर्गात गेले. अर्ध्या तासानं मुलं खिडकीकडे धावली. "मॅडम, तुमची गाडी आपोआप सुरू झाली!" मी ती बंदच केली नव्हती. बॅटरी उतरली तसं इंजिन सुरू झालं. त्या दिवसापासून काटेकोर नियम केला, काट्यांजवळचा 'रेडी' दिवा विझलेला पाहिल्याशिवाय दार उघडायचं नाही.

दुसरी गोष्ट फजितीची नाही, भीतीची. गल्लीत गाडी मागं घेत होते. मागं खेळणाऱ्या शेजारच्या पाच वर्षांच्या पोराला ती येतेय हे ऐकूच गेलं नाही. कुणीतरी ओरडलं म्हणून थांबले. माझे हातपाय बराच वेळ थरथरत होते. गल्लीतल्या मुलांना इंजिनाच्या आवाजाची सवय असते. या गाडीचा आवाज हळू चालताना जवळपास नसतोच. आता मागं घेताना घरातलं कुणीतरी खाली उतरतं, तेव्हाच गाडी हलते. ज्यांची घरं गल्लीत आहेत त्यांनी हे फार मनावर घ्यावं.

बॅटरीची भीती सगळ्यांना असते. आमच्या गाडीच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे. ही बॅटरी विजेच्या गाडीच्या बॅटरीपेक्षा कितीतरी लहान असते. आमच्या वर्गातल्या काही गाड्यांत ती एका युनिटचीही नसते, तर विजेच्या गाडीत तीस-चाळीस युनिटची असते. म्हणून बदलायचा खर्चही त्या मानानं कमी. तरी हमी संपल्यावर काय, हा विचार जुनी हायब्रिड विकत घेणाऱ्यानं जरूर करावा. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरीला हवा घेणारी जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर चादर, पिशव्या ठेवू नयेत. आपल्या भागातल्या उन्हात तर मुळीच नको. बॉनेटखालच्या नारिंगी रंगाच्या वायरी मोठ्या दाबाच्या असतात. त्यांना गावातल्या मिस्त्रीनं हात लावू नये. दुरुस्तीला नागपूरलाच जावं लागतं, ही खाप्यातल्या माणसाची अडचण आहेच. गाडीत नेहमीची बारा व्होल्टची बॅटरीही असते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर ती उतरते आणि मग पेट्रोल असूनही गाडी सुरू होत नाही.

लोक काय म्हणतात

"मास्तरीणबाईंनी वीस लाखांची गाडी आणली," हे कानावर येतंच. सुरुवातीला वाईट वाटे. दोन-तीन भाचे वरातीसाठी गाडी मागायला आले, मी नाही म्हटलं. सोमवार-गुरुवारची गाडी आहे, ती सजवून मिरवायला नाही. इतरांच्या डोळ्यांत भरावं म्हणून घेतलेली वस्तू आणि गरजेला घेतलेली वस्तू दिसायला सारखीच असते, फरक घेणाऱ्याच्या नियतीत असतो. म्हणून मी स्वतःलाच अधूनमधून विचारते, की अम्मींची गरज नसती तर ही गाडी घेतली असती का? उत्तर 'नाही' येतं, तेव्हा बरं वाटतं.

आणि मोहल्ल्यासाठीही ती उपयोगी पडली. डायलिसिसला जाणारे आमच्याच भागातले आणखी एक चाचा आहेत. त्यांचा दिवसही सोमवारच. त्यांना एसटीनं जाताना पाहिलं आणि पुढची सीट त्यांची झाली. पेट्रोलचे पैसे देऊ करतात, आम्ही घेत नाही. अम्मी म्हणतात, "त्यांची दुआच तुझं पेट्रोल."

भावाच्या चार लाखांपैकी अडीच लाख फेडले. वहीत प्रत्येक रकमेची तारीख आहे. उरलेले दीड लाख जमेल तसे पुढच्या वर्षभरात फेडायचे आहेत, इन्शाअल्लाह. त्यानंतर वरच्या मजल्याची साठवण पुन्हा पहिल्या रुपयापासून. हज्जे बदलसाठी अम्मींनी स्वतः नाव सुचवलं आहे, माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान. ते स्वतःचा हज करून आलेले आहेत. तयारी सुरू आहे.

परवाच्या गुरुवारी परतताना अम्मींनी विचारलं, "या गाडीनं खरंच पैसे वाचतात का गं?" मी म्हटलं, "साडेसहा वर्षांनी कळेल, अम्मी." त्या हसल्या. म्हणाल्या, "मग मला तेवढं थांबायला हवं." मी आरशातून पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि हातात तस्बीह चालू होती. पाटणसावंगी केव्हा मागं पडलं, त्यांना कळलंही नाही.

वाचक बहिणींनो आणि भावांनो, गाडी कोणतीही घ्या, पण आधी वही घ्या. आणि आमच्या अम्मींसाठी दुआ करा.